सांधेवाल्याभोवतीचा गोल

१

पेटी नंबर अकरामधली आठवी काच नाहीशी झाल्याचं मला गुरुवारी सकाळी साडेनऊला कळलं. तेव्हा डोक्यात जी तिडीक गेली ती अजून पुरती उतरलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. गोड बोलून गोष्ट सांगणाऱ्या बाया वेगळ्या.

रेल्वेच्या जुन्या फोटोंच्या या संग्रहालयात मी पस्तीस वर्षं काचा सांभाळते. फिल्म यायच्या आधी फोटो काचेवर निघायचे, आणि रेल्वेत तर फिल्म आल्यावरही बरीच वर्षं. काचेच्या एका बाजूला रसायनाचा थर असतो, त्याला आम्ही मसाला म्हणतो. अशा चार हजार काचा आमच्या कोठीत आहेत. पूल बांधतानाच्या, बोगदे खणतानाच्या, बोटीतून उतरवलेल्या इंजिनांच्या. बहुतेक फोटोंत साहेब लोक खुर्च्यांवर बसलेत आणि मागे शंभर-दीडशे मजूर उभे आहेत. खाली साहेबांची नावं आहेत, मजुरांच्या वाटणीला 'व इतर'. मी आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली काम केलं, आणि माझा स्वभावही तसाच, म्हणून ऑफिसात माझं नाव लाल दिवा पडलंय. तोंडावर कोणी म्हणत नाही. मला माहीत आहे.

कोठीतला दिवा मात्र मंगळवारपासून गेला होता. दोनदा लेखी कळवलं होतं. मोबाईलच्या उजेडात मी पेटी उघडली. प्रत्येक काच आपापल्या कागदी पाकिटात उभी असते आणि पाकिटावर माझ्या अक्षरात नंबर असतो, बोटाएवढा मोठा. सात होता, नऊ होता. आठ पाकिटासकट गेला होता.

आणि बाहेर बाकावर ती काच बघायला एक बाई मांडीवर पिशवी ठेवून बसली होती.

त्या आदल्या दिवशीही आल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, ताठ. दालनात शुक्रवारी उघडणाऱ्या प्रदर्शनाची मांडणी चालली होती. त्या थेट मोठ्या भिंतीवरच्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. साठ वर्षांपूर्वीचा रेल्वे अपघात, त्याच्या चौकशीतला हा फोटो. आमच्या संचालकसाहेबांनी चार फुटांचा करून लावलेला. मातीचा बांध, एक लोखंडी दांडा, आणि दांड्याशेजारी कांबळं पांघरून उभा असलेला माणूस. माणसाभोवती पांढऱ्या शाईने गोल. खाली ओळ: 'दोषी सांधेवाला. याच्या चुकीने एकोणीस प्रवाशांचा बळी गेला.'

"हे माझे वडील," बाई म्हणाल्या. "त्यांना त्या गोलातून बाहेर काढा."

सांधा म्हणजे रूळ फुटून दोन वाटा होतात ती जागा. दांडा ओढून गाडीला वाट देणारा तो सांधेवाला. त्या सांध्यावर नियम साधा होता. समोर उभं राहून बघितलं तर दांडा डावीकडे झुकलेला म्हणजे गाडी मुख्य लाईनवर, उजवीकडे झुकलेला म्हणजे बाजूच्या लाईनवर, जिथे मालाचे डबे उभे होते. गाडी डब्यांवर गेली. फोटोत दांडा उजवीकडे झुकलेला आहे. चौकशी तिथेच संपली.

"वडील मरेपर्यंत एकच सांगत होते. दांडा डावीकडेच होता, सांध्याची पात, तो सरकणारा रूळ, झिजली होती, तीनदा कळवलं होतं. चौकशीवाले म्हणाले, फोटो खोटं बोलतो होय? आम्हाला क्वार्टरमधून दुपारच्या दुपारी बाहेर काढलं." मग त्यांनी फोटोतल्या माणसाकडे बोट केलं. "आणि यात उजवा खांदा पडलेला दिसतोय. माझ्या वडिलांचा डावा पडका होता. सिग्नलच्या खांबावरून पडले होते. मी बसायची ती उजव्या खांद्यावर. उंच होता तो."

संचालकसाहेब हसून म्हणाले, "आठ वर्षांच्या मुलीला काय आठवणार, आजी?"

मला साहेबांच्या त्या हसण्याचा राग आला. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "ताई, तुम्ही उद्या या. मूळ काच तुमच्या हातात देते." ती काच साठ वर्षांत पुन्हा कोणी छापायला काढली नव्हती. भिंतीवरचा फोटो चौकशीच्या फाईलमधल्या जुन्या कागदावरून मोठा केलेला होता.

माझं हे बोलणं चार जणांनी ऐकलं होतं. त्यांतल्या एकाने काच नेली होती.

२

पोलिसांना बोलवू, असं मी म्हटल्यावर संचालकसाहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"बाई, उद्या अकराला उद्घाटन. पाहुणे येणार. कशाला गाजावाजा? एक काच इकडची तिकडे झाली असेल."

"पस्तीस वर्षांत माझी काच इकडची तिकडे झालेली नाही."

त्यांच्या टेबलावर नव्या पुस्तकाचे गठ्ठे होते. मुखपृष्ठावर तोच फोटो, तोच गोल. आत या अपघातावर बावीस पानं, साहेबांनी स्वतः लिहिलेली. मूळ काचेत काही वेगळं निघालं असतं तर ते सगळे गठ्ठे रद्दीत गेले असते. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं.

"म्हणजे मी चोरली?"

"काल तुम्ही कोठीत होतात."

"पाहुण्यांना दाखवायला, पाच मिनिटं. मोबाईलचा दिवा धरून. दिवा बदलला नाही म्हणून त्यांच्यासमोर शरमिंदा झालो."

"बदलायचा कोणी होता?"

त्यांनी पुस्तकांचा एक गठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, "बाई, खरं सांगू? मला त्या पेटीतलं काय कुठे असतं ते कळतही नाही." हे मात्र मला पटलं. साहेबांना काच उभी धरतात की आडवी हेही माहीत नव्हतं.

दुसरा माणूस म्हणजे संग्राहक. जुने फोटो विकत घेणारा, गळ्यात भिंग अडकवलेला, बोलायला मधाचं बोट. काल तो कोठीत एकटा पाव तास होता, आणि ती परवानगी मीच दिली होती. त्याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या देते.

"मॅडम, ती काच मला हवी होती, नाही कशाला म्हणू?" तो म्हणाला. "अपघाताच्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं. पण तिच्यासाठी मी चोरी करीन? तो फोटोच पुसट आहे. धुकं पडलं होतं म्हणतात त्या सकाळी."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात लिहिलंय. पण गंमत बघा, त्याच सकाळचे बाकीचे अकरा फोटो मी बघितलेत. उलटलेल्या इंजिनावरचे रिव्हेट मोजून घ्या. एवढ्या एकाच फोटोला धुकं कुठून आलं, कोणास ठाऊक."

मी त्याची बॅग तपासली. त्याने तपासू दिली. काच नव्हती.

परत कोठीत आले आणि पेटी खिडकीपाशी नेली. उरलेल्या अकरा काचा एकेक करून बाहेर काढल्या, तिरक्या उजेडात धरल्या. पहिल्या सात काचांच्या कोपऱ्यावर, मसाल्याच्या बाजूला, नखाएवढा चकचकीत डाग होता. ताजा. नऊपासून बारापर्यंत एकीवरही नव्हता. मला वाटलं ओल धरली. पण ओल काय सात काचा मोजून थांबते?

म्हणजे चोराने पहिल्या सात काचा बाहेर काढून बघितल्या होत्या, आणि आठवी सापडल्यावर तो थांबला होता. पाकिटावर आठचा आकडा एवढा मोठा लिहिलेला असताना त्याने सात काचा का उपसल्या?

३

स्कॅनवाला कोपऱ्यातल्या टेबलामागे घाम पुसत बसला होता. काचांचे स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवणं हे त्याचं काम. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, हात अंमळ सैल. गेल्या वर्षी त्याच्या हातून दोन काचा फुटल्या, तिसरी फुटली तर नोकरी जाईल असं साहेबांनी लिहून दिलं होतं.

"मॅडम, तुमची शपथ, मी हातही नाही लावला. पेटी अकरा माझ्याकडे उद्या यायची होती."

"काल कोठीत कशाला गेला होतास?"

"पेटी नऊ परत ठेवायला. मोबाईल तोंडात धरून गेलो, म्हटलं पडायला नको काही."

"मग पेटी अकरा दिसली असेल."

"दिसली की. लेबल वाचलं आणि लांबूनच नमस्कार केला."

तो खोटं बोलत नव्हता, आणि दुसरंही एक होतं. पाकिटाला मागून एक चिकटवलेली शिवण असते. त्या डिंकाने मसाला खराब होतो, म्हणून मसाल्याची बाजू कायम शिवणीच्या उलट ठेवायची. हा नियम स्कॅनवाला शंभरात वीसदा तरी विसरतो. पेटी अकरामध्ये परत ठेवलेल्या सातही काचा बिनचूक होत्या. चोर घाईत होता, अंधारात होता, आणि तरी त्याने सात वेळा शिवण सांभाळली होती.

चौथे राहिले मास्तर.

मास्तरांचं सांगायचं तर मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे. बाविसाव्या वर्षी इथे लागले तेव्हा छपाईच्या खोलीचे मुख्य ते होते. मला काच धरायला, धुवायला, छापायला त्यांनी शिकवलं. बाईमाणसाला अंधाऱ्या खोलीत घेऊ नका, असं वरचे म्हणत असताना त्यांनी मला घेतलं. आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. निवृत्त होऊनही रोज अकराला येतात, कोठीतल्या पेट्यांवरची धूळ पुसतात, एकला घरी जातात. कोठीतली कपाटं त्यांनीच लावलेली. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे बापावर घेणं. पण यादीत होते, म्हणून विचारायला गेले.

ते चहा घेत बसले होते. बशीत थोडा सांडलेला होता.

"मास्तर, काच गेली."

"ऐकलं, पोरी." त्यांनी कप खाली ठेवला तो टेबलाच्या अगदी कडेला. मी तो आत सरकवला.

"ही संग्राहकाची चिठ्ठी बघा, काच विकत मागणारी, काय अक्षर आहे. वाचा जरा."

"चष्मा विसरलोय. तूच वाच."

मंगळवारीही विसरले होते. बुधवारीही.

"तुम्ही काल आत होतात. कोणी दिसलं?"

"कोण दिसणार? मी आपला फडकं फिरवत होतो." मग म्हणाले, "जाऊ दे ती काच. फुटकीच होती. वरचा उजवा कोपरा उडालेला नव्हता का तिचा?"

"असेल," मी म्हटलं, आणि उठले.

दारापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. त्या काचेचा कोपरा उडालेला आहे हे त्यांना कसं माहीत, हा प्रश्न नव्हता. त्यांना चार हजार काचा पाठ होत्या. प्रश्न दुसराच होता.

४

नोंदवही मीच लिहिली आहे, वीस वर्षांपूर्वी, दोन वर्षं खपून. काच टेबलावर ठेवायची, मसाला खाली, म्हणजे चित्र खरं दिसतं, डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. मग बघून लिहायचं. मी पान काढलं. पेटी अकरा, काच आठ: 'वरचा डावा कोपरा उडालेला.'

डावा, उजवा नाही.

मी दालनात जवळजवळ धावत गेले. बाकावरच्या ताई माझ्यामागे आल्या. भिंतीवरच्या चार फुटी फोटोच्या वर, उजव्या कोपऱ्यात, एक काळा त्रिकोण होता. रोज बघत होते मी तो. काच उडालेली असली की तिथून सगळा उजेड कागदावर पडतो आणि कागद काळा होतो. काचेचा डावा कोपरा उडालेला, आणि कागदावर काळा कोपरा उजवीकडे.

"काय झालं, बाई?" ताईंनी विचारलं.

मी खुर्चीवर बसले.

"ताई, फोटो छापताना काच कागदावर ठेवतात. मसाला खाली, कागदाला चिकटून. काच चुकून पालथी पडली तर चित्र उलटं उमटतं, आरशातल्यासारखं. आणि मसाल्यात आणि कागदात काचेची जाडी येते, म्हणून पुसट उमटतं."

ताई फोटोकडे बघत राहिल्या. उलटं चित्र असेल तर दांडा डावीकडे होता. पडका खांदा डावा होता. आणि धुकं नव्हतंच.

"एवढी वर्षं कोणाला कळलं नाही?"

"फोटोत दांडा आणि माणूस एवढंच आहे. रूळ नाहीत, पाटी नाही, अंगावर कांबळं म्हणून कोटाची बटणंही नाहीत. काचेशी ताडून बघितल्याशिवाय कळायला मार्ग नाही." मी नोंदवही त्यांच्यापुढे धरली. "आणि ताडून बघायचं काम माझं होतं. तुमच्या वडिलांचा पुरावा वीस वर्षं माझ्या अक्षरात पडून होता. मला फोडून काढा तुम्ही."

त्यांनी वही वाचली, बंद केली आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला नंतर. आधी काच शोधा. वहीवर कोण विश्वास ठेवणार? ते साहेब म्हणतील, बाईने आज लिहिलं."

बरोबर होतं. आणि अजून एक गोष्ट मला गिळवत नव्हती. तो कोपरा ज्याच्या डोळ्यांपुढे उजवीकडे आहे, त्याने ती काच पालथी बघितलेली आहे. पालथी, छपाईच्या चौकटीत.

तरी मी स्वतःशी भांडत होते. मास्तरांनी भिंतीवरचा फोटो बघून म्हटलं असेल, तिथे उजवाच दिसतो. म्हाताऱ्या माणसाच्या एका शब्दावरून काय काय रचायचं? डोकं थंड व्हावं म्हणून मी छपाईच्या खोलीत गेले. प्रदर्शनासाठी पुलाचा एक फोटो छापायचा राहिला होता. लाल दिवा लावला, कागद काढला, काच उचलली.

आणि माझा हात आपोआप तोंडाकडे गेला.

काचेचा कोपरा ओठाला टेकला, किंचित चिकटला. मसाल्याची बाजू ती. ओलसर ओठाला मसाला चिकटतो, नुसती काच चिकटत नाही. अंधारात बाजू ओळखायची ही युक्ती. कागद झाकून मोठा दिवा लावून बघितलं. कोपऱ्यावर नखाएवढा चकचकीत डाग पडला होता.

अख्ख्या इमारतीत काचेला ओठ लावणारी माणसं दोनच होती. एक मी. आणि दुसरे, ज्यांनी मला शिकवलं ते.

५

एकला पाच मिनिटं असताना मी मास्तरांना छपाईच्या खोलीत बोलावलं. हातात एक काच दिली.

"मास्तर, मसाला कुठल्या बाजूला आहे?"

त्यांनी काच उचलली, कोपरा ओठाला लावला. "ही."

"मोठा दिवा लख्ख पेटलाय, मास्तर. मसाला निस्तेज दिसतो, काच चकाकते. नुसतं बघून सांगता आलं असतं."

त्यांनी काच ओठापासून खाली घेतली.

"कधीपासून दिसत नाही?"

"वर्ष झालं. सावल्या दिसतात. कोणाला सांगू नकोस म्हणणार होतो. येऊ देणार नाहीत मग इथे."

"भिंतीवरचा फोटो दिसतो?"

"भिंत दिसते."

म्हणजे तो कोपरा त्यांनी भिंतीवर बघितलेला नव्हता. सुटकेची माझी शेवटची वाटही बंद झाली.

"पाकिटावरचा आकडा वाचता येत नाही, म्हणून तुम्ही सात काचा काढून कोपरे चाचपलेत. आठवीचा कोपरा उडालेला लागला. आणि बाकीच्या जिथल्या तिथे ठेवल्यात, दरवेळी ओठ लावून, शिवणीपासून सांभाळून. चोरी करतानासुद्धा शिस्त मोडली नाही तुमची. कोपरा उजवीकडे आहे म्हणालात. तो उजवीकडे एकाच माणसाला दिसला असेल, ज्याने तो फोटो छापला त्याला. साठ वर्षांपूर्वी."

मास्तर स्टुलावर बसले. काच अजून त्यांच्या हातात होती, ती त्यांनी आधी नीट टेबलावर ठेवली.

"नोकरीला आठवडा झाला होता," ते म्हणाले. "चौकशीची काच, लवकर छापा, साहेब थांबलेत. ओठ लावायचं तेव्हा मला कोणी शिकवलं नव्हतं. बोटाने चाचपून ठेवली. कागद ओला होता तसाच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी काच पाकिटात भरताना कोपरा बघितला आणि कळलं, मी ती पालथी छापली होती."

"फोटो काढणारा?"

"तो पुढच्या दौऱ्यावर गेला, तिकडेच तापाने गेला. माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं."

"सांगितलं का नाहीत?"

"नोकरी गेली असती."

"त्याची गेली."

"मला वाटलं, दांडा काय, बाकीचेही पुरावे असतील. मग निकाल लागला. मग आज सांगू, उद्या सांगू. मग तो माणूस वारल्याचं कळलं. मेलेल्यासाठी काय सांगायचं, असं म्हटलं." त्यांनी डोळे पुसले. "मी त्यानंतर एकही काच पालथी छापली नाही, पोरी. जो कोणी शिकायला आला त्याला पहिल्या दिवशी ओठ लावायला शिकवलं. तुलाही."

मला आठवलं. पहिला दिवस, पहिला धडा. "चूक झाली तर माणूस मरतो," असं म्हणाले होते. मला वाटलं होतं, म्हातारा नाटकी आहे. पस्तीस वर्षं मी तो धडा अभिमानाने सांगत फिरले. एवढी चीड मला आयुष्यात कोणाची आली नव्हती, आणि ती ज्यांची आली त्यांच्या पाया पडून मी नोकरीची सुरुवात केली होती.

"काच कुठे आहे?"

"फुटक्या काचांच्या पेटीत, तळाला. माझ्या मफलरमध्ये गुंडाळून." "फोडायला गेलो होतो. हात झाला नाही."

"काचेवर हात झाला नाही," मी म्हटलं. "माणसावर झाला."

६

काच शाबूत होती. मी ती बाकावरच्या ताईंच्या हातात दिली, मसाला त्यांच्यापासून लांब, उजेडाकडे धरून. त्यांना त्यातलं काही कळेना. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. "छापून दाखवा," म्हणाल्या.

संचालकसाहेबांना सगळं सांगितलं, तर ते कपाळाला हात लावून बसले. मग सावरले. "चांगलं झालं सापडली ते. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. उद्या मात्र जे आहे ते राहू दे. पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"साहेब, साठ वर्षांपूर्वी पण असंच कोणीतरी म्हटलं असेल, साहेब थांबलेत, लवकर उरका. हा फोटो उद्या असाच राहिला तर मी उद्घाटनाला माईक घेऊन बोलेन. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे."

त्यांना माहीत होता. पुस्तकाचे गठ्ठे केबिनमध्येच राहिले.

शुक्रवारी सकाळी आठला मी मास्तरांना छपाईच्या खोलीत उभं केलं. "तुम्हीच छापायचा." त्यांनी नको म्हटलं नाही. काच उचलली, ओठाला लावली, फिरवली, पुन्हा लावली. कागदावर ठेवली. मी दिवा मारला. कागद रसायनात घातला आणि तो माणूस हळूहळू वर आला. दांडा डावीकडे झुकलेला. कांबळ्याच्या विणीचा दोरा न् दोरा दिसत होता. चेहरा पहिल्यांदाच दिसला. पस्तिशीचा, दाढी वाढलेला, आणि भलताच रागावलेला. मी त्या रागाला ओळख दिली.

ताई साडेदहाला आल्या. दालनात मी दोघांची गाठ घातली. मास्तर उभे राहिले.

"तुम्हीच का ते?"

"हो."

"साठ वर्षं माहीत होतं?"

"हो. मला माफ करा, बाई."

"नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी आलं नाही. "माझा बाप त्यानंतर अकरा वर्षं जगला. त्या अकरा वर्षांत तुम्ही एक पोस्टकार्ड टाकू शकला असता. सही नसती तरी चाललं असतं. माफ नाही करत."

मास्तरांनी मान खाली घातली. संचालकसाहेब पुढे झाले आणि जुना फोटो काढायला स्टूल मागवायला लागले.

"राहू दे तो," ताई म्हणाल्या. "दोन्ही लावा. शेजारी शेजारी. माझा बाप साठ वर्षं गोलात होता आणि हे साठ वर्षं फोटोच्या बाहेर होते. प्रदर्शन महिनाभर आहे ना? मग महिनाभर ह्यांनी इथे बसायचं. येईल त्याला सांगायचं, कुठला खोटा, कुठला खरा, आणि खोटा कोणी केला. स्वतःच्या तोंडाने."

मी मास्तरांकडे बघितलं. ते म्हणाले, "बसेन."

नवा फोटो आम्ही जुन्याच्या डावीकडे लावला. मी मास्तरांचा हात धरून दोन्ही चौकटींना लावून दाखवला, डावीकडचा खरा, उजवीकडचा खोटा. नव्याच्या खाली कार्डावर मी चार ओळी लिहिल्या. सांधेवाल्याचं पूर्ण नाव लिहिलं, 'दोषी' गाळलं; जुन्या फोटोखालची ओळ मात्र फोटोबरोबर तशीच राहू दिली. ताई नव्या फोटोजवळ गेल्या आणि काचेवर बोट ठेवलं, माणसाच्या उंच खांद्यावर.

"हा," म्हणाल्या. "इथे बसायची मी."

अकराला माणसं आत आली. मास्तर खुर्चीवर, फोटोंकडे पाठ, माणसांकडे तोंड. पहिलाच एक गृहस्थ, चष्मा वर करून, दोन्हींकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "काय हो आजोबा, यातला खरा कुठला?"

"डावीकडचा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आपला डावा हात लांब केला.

गृहस्थ त्या हाताच्या रोखाने गेला आणि गोलाच्या फोटोपुढे उभा राहिला. वाकून बघायला लागला. "अच्छा, हा होय तो दोषी," असं बायकोला सांगायला लागला.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी पुढे होणार तेवढ्यात ताई उठल्या. काही न बोलता मास्तरांच्या मागे गेल्या. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि मास्तरांसकट ती फरफटत पुरती फिरवली. आता त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, दोन्ही फोटोंकडे.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा त्यांना."